मुळांतलें बिऱ्हाड

गेल्या चैत्रांत आम्हीं आमच्या धाकट्या बंधूंस एक कडक पत्र लिहिलें. हल्लीं पत्रें कोणी लिहीत नाहीं हें आम्हांस ठाऊक आहे. परंतु रागावण्याच्या कामीं दूरध्वनि उपयोगाचा नाहीं, पलीकडचा मनुष्य मध्येंच बोलूं लागतो, असा अनुभव असल्यामुळें आम्हीं मुद्दाम दोन ताव कागद खर्ची घातला. पत्राचा विषय होता डाळिंबाची बाग. सांगोलें तालुक्यांत आमची थोडी वडिलोपार्जित जमीन आहे. तींतील दोन एकरांवर बंधूंनीं तीन वर्षांपूर्वीं भगव्या जातीचीं सहाशें झाडें लाविलीं. त्यापायीं बँकेचें कर्ज झालें, भावजयीच्या पाटल्या गहाण पडल्या, आणि पुण्यास राहणाऱ्या आम्हां थोरल्या मंडळींनींहि आपापल्या शिलकेंतून भर घातली. एकत्र कुटुंबाची चूल आतां दोन गांवीं पेटत असली तरी कर्ज एकच आहे. अशा त्या बागेंत आंबे बहराचीं फळें लिंबाएवढीं झालीं, आणि झाडें दुपारच्या वेळीं माना टाकूं लागलीं. सकाळीं पाहावीं तों बरीं दिसत. बारा वाजले कीं मलूल. पुढें पानें पिवळीं पडलीं, फळें गळूं लागलीं.

बंधूंनीं कळविलें कीं, पाणी नियमित देतों. ठिबकच्या नळ्या चालू आहेत. आळ्यांतील माती मुठींत घेतली तर ओली लागते. आम्हांस तें पटलें नाहीं. ओल्या मातींत उभें असलेलें झाड तहानेनें कोमेजेल कसें? शेतावरची वीज रात्रीं येते, रात्रीं पाणी सोडण्याचें काम एका म्हाताऱ्या गड्याकडे आहे, तो झोंपा काढीत असला पाहिजे, असें आम्हीं पुण्यांत बसून ठरविलें आणि तसें लिहिलें. त्या गड्यानें वाळलेलें एक झाड उपटून बंधूंस त्याचें मूळ दाखविलें होतें, आणि ‘मालक, मुळास्नी गांठी धरल्यात्या, पानी पाजून काय हुनार न्हाय,’ असें म्हटलें होतें. बंधूंनीं तेंहि आम्हांस कळविलें. त्यावर आमचें उत्तर असें कीं, मुळांवर गांठी असणें हें रोगाचें नव्हे, आरोग्याचें लक्षण होय. हरभऱ्याच्या आणि भुईमुगाच्या मुळांवर गांठी असतात, त्यांत हवेंतील नत्र बांधणारे जीवाणु राहतात, हें शाळेंतील पोरासहि माहीत आहे. गड्यानें आपला आळस झांकण्यास हें निमित्त शोधिलें आहे. पत्र टपालांत टाकण्यापूर्वीं घरांतील चार मंडळींस वाचून दाखविलें. सर्वांस तें पसंत पडलें. बंधु आमच्या शब्दाबाहेर नाहींत. त्यांनीं बावीस वर्षें राबलेल्या त्या गड्यास कामावरून दूर केलें, नवा गडी ठेविला, आणि पाणी दीडपट केलें.

डाळिंब म्हणजे कांहीं हरभरा नव्हे, हा साधा विचार त्या दोन ताव कागदांत कोठेंहि नव्हता.

गणपतीच्या दिवसांत आमची पुतणी, म्हणजे याच बंधूंची कन्या, पुण्यास आली. ती राहुरीच्या कृषि विद्यापीठांत वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करीत असते. येतांना तिनें ओल्या फडक्यांत गुंडाळून बागेंतील एका झाडाचीं मुळें आणिलीं होतीं. पंगत उठल्यावर तिनें माजघरांत जुनें वर्तमानपत्र पसरलें आणि त्यावर तें फडकें सोडलें. मुळें कसलीं, रुद्राक्षांच्या माळाच त्या! बारीक मुळींवर ओळीनें फुगीर मणी, कोठें मोहरीएवढे, कोठें वाटाण्याएवढे, कोठें चार-चार एकमेकांत मिसळून गेलेले. आमच्या काकूंनीं दुरूनच पाहून, ‘आंबेहळद आणलीस होय गं?’ असें विचारलें. पुतणीनें शेजारीं भुईमुगाचीहि एक मुळी ठेविली. ती कोणासाठीं आणिली होती हें आम्हीं ओळखलें. भुईमुगाची गांठ मुळीच्या कडेस चिकटलेली असते. नखानें टोकरली कीं सुटून येते, आणि फोडली तर आंत गुलाबी दिसते. डाळिंबाची गांठ नखानें सुटेना. ती मुळीवर आलेली नव्हती. मुळीचीच गांठ झाली होती.

मग तिनें पात्यानें एक गांठ अलगद चिरली आणि भिंग आमच्या हातीं दिलें. आंत साबुदाण्याच्या कणीएवढा, मोत्यासारखा चकचकीत पांढरा ठिपका होता. ‘काका, ही बाई,’ ती म्हणाली, ‘आणि हें तिचें बिऱ्हाड.’

ह्या प्राण्यास सूत्रकृमि म्हणतात. बागायतदारांच्या तोंडीं निमॅटोड हा शब्दहि आतां रुळला आहे. इंग्लंडांतील बर्कली नांवाचा एक पाद्री बुरशींचा मोठा जाणकार होता, आणि बटाट्यावरील करप्याचें मूळ बुरशींत आहे असें त्यानें इतर विद्वानांचा विरोध पत्करून सांगितलें होतें. त्यानेंच १८५५ सालीं कांचघरांतील काकडीच्या मुळांवर ह्या गांठी पाहिल्या आणि त्यांतील कृमींची हकीकत छापली. १८८७ सालीं गोल्डी यानें ब्राझिलांतील कॉफीच्या मुळांत तसलेच कृमि पाहून त्यांस ‘मेलॉइडोगायनी’ असें नांव ठेविलें. आपल्याकडे १९०१ सालीं बार्बर यानें नीलगिरींतील देवाळा येथील चहाच्या मळ्यांत ते प्रथम नोंदले. मध्यंतरीं शास्त्रज्ञांनीं त्यांस दुसऱ्याच एका कुळांत घातलें होतें. १९४९ सालीं चिटवुड यानें गोल्डीचें नांव त्यांस परत मिळवून दिलें. त्या ग्रीक नांवाचा अर्थ सफरचंदासारख्या आकाराची स्त्री. आमच्या घरांतील स्त्रीवर्गानें ह्या नांवावर जो अभिप्राय दिला तो येथें देत नाहीं.

परंतु ही स्त्री जन्मतः सफरचंदासारखी नसते, आणि तिची सारी कथा ह्या रूपपालटांतच आहे. अंड्यांतून पिलूं बाहेर पडतें तें सुतासारखें असतें. लांबी अर्धा मिलिमीटरहि नाहीं; जाडी केंसाहून कितीतरी कमी. त्यास डोळे नसतात. पोटांत बरोबर आणलेली थोडी चरबी, तोंडांत एक पोकळ सुई, एवढीच त्याची शिदोरी. ती शिदोरी संपण्यापूर्वीं मूळ सांपडलें नाहीं तर पिलूं मातींतच मरतें. मुळांतून जे रस जमिनींत झिरपत असतात त्यांच्या मागावर तें निघतें. मातीच्या कणांभोंवतीं पाण्याचा जो पातळसा थर असतो त्यांतून त्याचें चालणें. म्हणून सदा ओली राहिलेली हलकी मुरमाड जमीन त्यास फार मानवते. आम्ही कोणत्या दीडपट पाण्याचा विचार करीत होतों हें पुतणीस सांगावें लागलें नाहीं. ती क्षणभर थांबली आणि मग पुढें सांगूं लागली.

मुळाच्या टोंकाजवळ पिलूं सुईनें टोंचीत आणि भिंती मऊ करणारे रस सोडीत आंत शिरतें. त्यास जावयाचें असतें मुळाच्या गाभ्यांत, जेथून पाणी वर चढतें आणि पानांनीं केलेली साखर खालीं उतरते. परंतु ह्या गाभ्याभोंवतीं पेशींचें एक कडें असतें, आणि त्यांच्या भिंतींत मेणचट पट्टा असतो, जणूं किल्ल्याचा तट. पिलूं तट फोडण्याच्या भरीस पडत नाहीं. पेशींच्या मधल्या फटींतून वाट काढीत तें उलट खालीं, मुळाच्या अगदीं शेंड्यापर्यंत जातें. तेथें मूळ अजून वाढत असतें, तटाचें काम पुरें झालेलें नसतें. त्या शेंड्याशीं तें वळसा घेतें आणि आंतल्या बाजूनें वर चढून गाभ्यांत येतें. एवढ्या प्रवासांत तें वाटेंतल्या पेशींस फारसा धक्का लावीत नाहीं. आमची आपली समजूत अशी होती कीं, कीड म्हणजे कुरतडणारी. हें पिलूं तर परक्या वाड्यांत चपला काढून आल्यासारखें येतें.

गाभ्यांत आल्यावर तें पांच-सात पेशी निवडतें. त्या पेशी इतरांसारख्याच असतात; पुढें त्यांच्या जलवाहिन्या नाहीं तर अन्नवाहिन्या झाल्या असत्या. पिलूं एकेकीच्या भिंतींतून सुई आंत घालतें. मात्र भिंतीच्या आंत जो नाजूक पडदा असतो तो फाटूं देत नाहीं, कारण तो फाटला तर पेशी मरेल, आणि पेशी मेली तर त्याचें जेवण संपलें. मग तें आपल्या घशाजवळील ग्रंथींतला रस त्या पेशींत सोडतें. आणि येथून पुढें जें घडतें तें ऐकतांना आमच्या हातांतला चहा निवून गेला.

वाचकांस स्मरत असेल कीं, पेशी दुभंगतांना आधीं तिचें केंद्रक दुभंगतें आणि मग मधें भिंत उभी राहून एकीच्या दोन पेशी होतात. ह्या पांच-सात पेशींत केंद्रक दुभंगतें, पण भिंत पुरी होत नाहीं. तें पुन्हां दुभंगतें, पुन्हां दुभंगतें. एका केंद्रकाचीं दोन, चार, आठ असें होतां होतां एकाच पेशींत शंभरांपर्यंत केंद्रकें नांदूं लागतात, आणि शिवाय त्या प्रत्येकांतील आनुवंशिक द्रव्यहि कैक पटींनीं वाढतें. पेशी फुगत जाते. शेजारच्या साध्या पेशीच्या चारशें पटींपर्यंत तिचें आकारमान जातें. शास्त्रज्ञ तिला महापेशी म्हणतात. साध्या पेशीच्या मधोमध पाण्याचें एक मोठें कोठार असतें. महापेशींत तें मोडून त्याच्या लहान लहान कुप्या होतात, आणि ती सारी जागा जिवंत, कामसू द्रव्यानें भरून जाते. तिच्या भिंतीस आंतून असंख्य लहान कोंभ फुटतात. ते कशासाठीं? भिंत जितकी वळणावळणांची, तितकें तिच्या लगतच्या पडद्याचें क्षेत्र अधिक, आणि तितकें गाभ्यांतलें अन्नपाणी आंत ओढण्याचें सामर्थ्य अधिक. महापेशींच्या भोंवतालच्या पेशीहि वाढतात, दुभंगतात. बाहेरून दिसते ती गांठ म्हणजे ह्या साऱ्या गडबडीची सूज.

आणि ह्यांतील एकहि काम कृमि स्वतः करीत नाहीं. केंद्रक दुभंगण्याची विद्या झाडाची. भिंतीस कोंभ फोडण्याची विद्याहि झाडाचीच, दुसऱ्या प्रसंगीं तें ती आपल्या सोयीसाठीं वापरतें. कृमि फक्त आज्ञा देतो, आणि झाड आपल्याच सामुग्रीनें, आपल्याच कारागिरांकडून त्याच्यासाठीं स्वयंपाकघर बांधून देतें व त्यांत अहोरात्र रांधीत राहतें. मुळांत आलेली साखर ह्या पांच-सात पेशींकडे वळते. ही आज्ञा कोणत्या भाषेंत दिली जाते ह्याचा शोध अजून चालू आहे. कांहीं शब्द मात्र लागले आहेत. कृमीच्या रसांत अनेक प्रथिनें असतात. त्यांतील एक अवघ्या तेरा अमिनो आम्लांचें आहे. तें वनस्पतीचीं जनुकें चालूं-बंद करणाऱ्या तिच्याच कांहीं प्रथिनांस जाऊन बिलगतें. २००६ सालीं अमेरिकेंत मोहरीच्या कुळांतील ॲराबिडॉप्सिस नांवाच्या रोपट्यांत अशी योजना केली कीं, कृमीनें त्याचा रस प्यावा आणि त्या रसाबरोबर कृमीचें हें प्रथिन करण्याचें जनुकच मुकें व्हावें. त्या रोपट्यांवर गांठी पुष्कळच कमी धरल्या. तेरा मण्यांची ती माळ तुटली, तर बिऱ्हाडाचा जम बसत नाहीं.

भिंती विरघळविण्याचे रस हें आणखी एक आश्चर्य. झाडाच्या भिंतींतलें सेल्युलोज स्वतःच्या रसानें पचविणें बहुतेक प्राण्यांस जमत नाहीं. गाय रवंथ करते तीहि पोटांतल्या सूक्ष्म जीवांच्या भरंवशावर. १९९८ सालीं असें दिसून आलें कीं, वनस्पतींच्या मुळांत राहणाऱ्या कृमींजवळ हे रस करणारीं स्वतःचीं जनुकें आहेत. २००८ सालीं गांठी करणाऱ्या कृमीचा सारा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, तेव्हां अशीं आणखी पुष्कळ जनुकें सांपडलीं, आणि त्यांचें साम्य प्राण्यांच्या जनुकांशीं नसून जीवाणूंच्या जनुकांशीं होतें. केव्हांतरी फार प्राचीन काळीं कृमीच्या पूर्वजांनीं तीं जीवाणूंकडून उचललीं असावींत, असें मानितात. भुईमुगाच्या गांठींतले जीवाणु झाडास नत्र देतात. जीवाणूंच्याच जातीची विद्या उचलून हा कृमि डाळिंबाच्या घरांत शिरतो. आमच्या पत्रांतील दोन्ही गांठींचें हें असें नातें निघालें.

एकदां मुखास घांस लागला कीं पिलाचें चालणें कायमचें संपतें. त्याच्या अंगावरील स्नायु झिजून जातात. आतां जागा सोडावयाची म्हटली तरी सोडतां येणार नाहीं. महापेशी जगली तर तें जगेल. तीन वेळां कात टाकून तें फुगतें आणि आम्हीं भिंगांतून पाहिलेली मादी होते. क्वचित् नर निपजतो. अन्न कमी आणि दाटी फार असली म्हणजे अधिक निपजतात. नर पुन्हां सुतासारखा होऊन मूळ सोडून निघून जातो. आमच्याकडील बागांतून जी जात विशेष आढळते, तींत मादीस नराची गरजच लागत नाहीं. महिनाभरांत ती आपल्या मागें चिकट द्रव्याच्या पुंजक्यांत शेंकडों अंडीं घालते. त्या पुंजक्यांतून निघालेलीं पिलें त्याच झाडाच्या पुढच्या मुळ्यांकडे वळतात. दोन हजारांहून अधिक जातींच्या वनस्पतींवर ह्या कुळाचा निर्वाह चालतो. वांगें, टोमॅटो, भेंडी, काकडी, मिरची हीं तर परसांतलींच.

‘पण मग ओल्या मातींत झाड कोमेजतें कां?’ असें आम्हीं शेवटीं विचारलें. प्रश्न आमचाच होता, चैत्रांतला. पुतणीनें चिरलेली गांठ आमच्यापुढें सरकविली. ज्या जागीं सरळ, उभ्या जलवाहिन्या असावयाच्या, त्या जागीं ह्या महापेशी बसलेल्या. उरलेल्या वाहिन्या वांकड्यातिकड्या, तुटक, बाजूस ढकललेल्या. रात्रीं पानांतून पाणी थोडें उडतें, तेवढें अशा मुळांनीं पुरतें आणि सकाळीं झाड ताजें दिसतें. दुपारीं उन्हानें मागणी वाढली कीं मुळें पुरवठा करूं शकत नाहींत. पाण्यांत उभें राहून तहानेनें मरणें तें हेंच. त्यांतून गांठींनीं दुबळ्या झालेल्या मुळांत मर रोगाची बुरशी शिरली, तर झाड उभ्याउभ्या वाळतें. म्हाताऱ्यानें हें एका वाक्यांत सांगितलें होतें. तें वाक्य आमच्या टेबलाच्या खणांत, बंधूंच्या पत्रांत, अजून आहे.

ह्या कृमींचे भाऊबंद दुसऱ्या तऱ्हेनेंहि हाच संसार थाटतात. युरोपांत साखरेच्या बीटाचें ज्यांनीं एकेकाळीं फार नुकसान केलें ते, राजस्थानांत गव्हा-जवावर ‘मोल्या’ रोग आणणारे ते, आणि १९६१ सालीं नीलगिरींतील बटाट्यांत सांपडले ते, हे सारे एकाच पेशीस फुगवीत न बसतां शेजारशेजारच्या पेशींमधल्या भिंती पाडून दीडदोनशें पेशींचें एकच दालन करवितात. वाटणी मोडून चौक एक केल्यासारखें. त्यांची हकीकत निराळी आहे; आमचें दुःख डाळिंबाचें आहे.

ह्या आज्ञेस नकार देणारें झाड जगांत आहे काय? आहे. पेरू देशांतील एका रानटी टोमॅटोवर ह्या कृमींचें कांहीं चालत नाहीं. त्याचा आणि लागवडीच्या टोमॅटोचा संकर साधेना; फळ धरे, पण आंतला गर्भ बी होण्यापूर्वींच मरे. १९४४ सालीं कॅलिफोर्नियांत स्मिथ नांवाच्या शास्त्रज्ञानें तो गर्भ फळांतून काढून कांचपात्रांत वाढविला आणि रोप जगविलें. त्या शर्थीनें जगविलेल्या रोपाचा वारसा आज जगभरच्या टोमॅटोंत गेला आहे, आणि १९९८ सालीं त्यांतील जनुकहि हातीं लागलें. त्याची रीत विलक्षण आहे. कृमि नेहमींप्रमाणें आंत येतो, वळसा घेतो, गाभ्यांत पोंचतो, सुई टोंचतो, आणि निवडलेली पेशी एकदोन दिवसांतच आपण होऊन मरते. तिच्या लगतच्या पेशीहि मरतात. रांधणारेंच उरलें नाहीं म्हटल्यावर पाहुणा उपाशीं मरतो. चार पेशींच्या मोलानें मूळ वांचतें.

हें ऐकून आमच्या मनांत आलेली आशा पुतणीनें फार वेळ राहूं दिली नाहीं. जमीन २८ अंशांच्या वर तापली कीं हें जनुक ढिलें पडतें, आणि सांगोल्याची जमीन उन्हाळ्यांत किती तापते तें सांगणें नको. शिवाय तें टोमॅटोचें. आमच्या भगव्याच्या अंगीं तें नाहीं.

औषधांविषयीं बंधूंनीं आम्हांस पूर्वीं विचारिलें होतें. एकेकाळीं डायब्रोमोक्लोरोप्रोपेन नांवाचें जालीम औषध जमिनींत सोडीत; कृमि त्यानें मरत. १९७७ सालीं कॅलिफोर्नियांतील कारखान्यांत तें तयार करणाऱ्या कामगारांस मूलबाळ होत नाहीं असें आढळलें, आणि दोन वर्षांत अमेरिकेनें तें जवळजवळ सर्वत्र बंद केलें. आतां पुतणी सांगते तो मार्ग सावकाशीचा आहे. झाडांच्या ओळींत झेंडू लावावा. त्याच्या मुळांत आल्फा-टरथिएनिल नांवाचें द्रव्य असतें, तें ह्या कृमींस विषारी आहे असें हॉलंडच्या शास्त्रज्ञांनीं १९५८ सालीं दाखविलें, आणि कृमि त्या मुळांत शिरला तरी त्यास संसार मांडतां येत नाहीं. आळ्यांत निंबोळी पेंड घालावी. शेणखतांत ती बुरशी वाढवून द्यावी जी कृमींचीं अंडीं खाते. नवीं रोपें लावावयाचीं तर त्यांची माती आधीं उन्हाळ्यांत पारदर्शक कागदाखालीं पांच-सहा आठवडे तापवून घ्यावी. ह्यांतील कशानेंहि कृमि नाहींसा होणार नाहीं. त्याची संख्या कमी होईल, आणि झाडाच्या नव्या मुळ्या त्याच्या पुढें धांवतील, एवढेंच.

तो आमच्या जमिनींत आला कोठून, हेंहि कळलें. लागवडीनंतर उरलेल्या सात-आठ गुट्या गोठ्यामागें पिशव्यांतच पडून होत्या. त्यांनीं आमच्या शेताच्या मातीस कधीं स्पर्श केला नव्हता. पुतणीनें त्या पिशव्या फाडल्या, आणि प्रत्येकींत माळ होती. रोपवाटिकेनें पिशव्या भरतांना माती कोठली घेतली हें आम्हीं सहाशें रोपें घेतांना विचारलें नव्हतें. पुण्याहून आम्हीं भाव तेवढा विचारला होता.

दसऱ्यानंतर आम्ही सांगोल्यास गेलों. बंधु म्हणाले, मी एकटा जाऊन येतों. आम्ही म्हणालों, पत्र आमचें होतें. दोघेहि गेलों. म्हातारा आपल्या घरापुढें शेळीचें दावें वळीत बसला होता. त्यानें उठून घोंगडें पसरलें, पाणी आणविलें. आम्हीं जें बोलावयाचें तें रस्त्यानें चांगलें जुळवून ठेविलें होतें. त्यांतलें निम्मेंहि बोलतां आलें नाहीं. सहा महिन्यांचा पगार पुढें ठेविला. त्यानें तो बराच वेळ तसाच राहूं दिला, आणि ‘झाडं किती ऱ्हायली?’ असें विचारलें. आम्हांस आंकडा माहीत नव्हता. बंधूंनीं सांगितला: एकशें चाळीस गेलीं.

दुसऱ्या दिवशीं तो बागेंत आला. नोकरीवर आलों असें तो म्हणाला नाहीं, आम्हींहि विचारलें नाहीं. मेलेलीं झाडें मुळांसकट काढून बांधावर जाळण्यांत चार दिवस गेले. एकहि मुळी जमिनींत राहूं नये म्हणून तो प्रत्येक खड्डा स्वतः चाळून पाहत होता. झेंडूचीं रोपें त्यानेंच आणविलीं. माघांत आम्ही पुन्हां गेलों तेव्हां ओळींच्या मधून झेंडू फुलून ओसरला होता. एका झाडाच्या आळ्यांतली ओली माती त्यानें बोटांनीं उकरली, एक बारीक मुळी तोडून आमच्या तळहातावर ठेविली आणि म्हणाला, ‘ही नवी हाय. बगा.’ आम्हीं चष्मा पुसून पाहिली. मुळी पांढरीशुभ्र, सरळ, वीतभर लांब होती. टोंकाकडे एकच मणी होता, मोहरीहून लहान.